चर्च-एकीकरण, भारतातील
विसाव्या शतकात भारतातील निरनिराळ्या प्रॉटेस्टंट पंथांच्या मंडळ्यांना एका चर्चमध्ये आणण्यासाठी झालेली चळवळ. ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ (१९४७) आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ (१९७०) ही तिची दोन प्रमुख फलिते होत. केवळ कारभाराची एकसूत्रता साधणे, हा तिचा हेतू नव्हता. धर्मसेवेचा अधिकार कोठून प्राप्त होतो, बाप्तिस्मा कोणाला द्यावा, यांसारख्या मूलभूत प्रश्नांचा फेरविचार तीत अटळ ठरला.

एकोणिसाव्या शतकात मिशनांनी आपापली कार्यक्षेत्रे बव्हंशी वाटून घेतली होती. त्यामुळे धर्मांतरिताचा पंथ त्याच्या निवडीपेक्षा गावावरून ठरे : अहमदनगर परिसरात अमेरिकन मराठी मिशनमुळे काँग्रिगेशनल, तर कोल्हापूरकडे प्रेसबिटेरियन. युरोपातील कलहांतून उद्‌भवलेले हे भेद भारतीय ख्रिस्ती लोकांना परके वाटत. प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या दक्षिणेत १९०८ मध्ये व उत्तरेत १९२४ मध्ये एकत्र आल्या. तथापि बिशपपद मानणाऱ्या अँग्लिकनांशी ऐक्य साधणे अधिक कठीण होते.

मे १९१९ मध्ये तरंगमबाडी येथे भरलेल्या परिषदेत बहुसंख्य भारतीय असलेल्या धर्मसेवकांनी ऐक्याचे आवाहन केले. पहिले भारतीय अँग्लिकन बिशप व्ही. एस. अझरिया हे तिचे एक प्रमुख प्रवर्तक होते. पुढील वाटाघाटी पाव शतकाहून अधिक काळ चालल्या. प्रेषितांपासून चालत आलेल्या बिशप-परंपरेवाचून दीक्षा पूर्ण होत नाही, असे अनेक अँग्लिकन मानीत. उलट, बिशपांकडून पुन्हा दीक्षा घेणे म्हणजे आपली आजवरची सेवा खोटी ठरविणे, असे इतरांना वाटे. अखेर बिशपपद स्वीकारावे. पण त्याचा कोणताही एक अर्थ बंधनकारक नसावा, असे ठरले. पूर्वीच्या सर्व धर्मसेवकांना पुनर्दीक्षेशिवाय मान्यता मिळाली व यापुढील दीक्षा मात्र बिशपांच्या हस्ते व्हावयाच्या होत्या. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये हे चर्च स्थापन झाले. अझरिया त्यापूर्वीच, १९४५ मध्ये निवर्तले होते.

उत्तर भारतातील वाटाघाटींना १९२९ मध्ये लखनौ येथे आरंभ झाला. तेथे बॅप्टिस्ट, ब्रेदरन व डिसायपल्स यांच्या सहभागामुळे बाप्तिस्म्याचा प्रश्नही उभा राहिला. जाणतेपणी श्रद्धा प्रकट करणाऱ्यासच बाप्तिस्मा द्यावा, असे हे पंथ मानीत. तर इतर पंथांत अर्भकांना तो दिला जाई. दोन्ही प्रथा ग्राह्य मानून निवड कुटुंबावर सोपविण्यात आली. धर्मसेवकांचे एकीकरणही येथे आरंभीच करण्यात आले. प्रतिनिधींनी परस्परांच्या मस्तकांवर हात ठेवून प्रार्थना केली. प्रत्येकाला काय उणे आहे, हे ठरविणे ईश्वरावर सोपविले. या विधीच्या संदिग्धतेवर टीका झाली. परंतु ती संदिग्धता हेतुपूर्वक राखलेली होती. सूत्रबद्ध मतैक्याची वाट न पाहता एकत्र उपासना करावी आणि उरलेले सत्य त्या सहजीवनात शोधावे, ही तीमागील भूमिका होती. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्थांच्या विलीनीकरणाने ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ अस्तित्वात आले. काँग्रिगेशनल परंपरेतील मराठी मंडळ्याही त्यात समाविष्ट झाल्या.

हे ऐक्य अपूर्णच राहिले. अमेरिकन परंपरेतील मेथडिस्टांनी १९७० मध्ये ऐन वेळी माघार घेतली. जातिभेद व मालमत्तेचे वाद एकीकरणानंतरही टिकून राहिले. गुजरातमधील ब्रेदरन मंडळींच्या एका दाव्यात, केवळ विलीनीकरणाच्या ठरावाने मूळ संस्था कायदेशीर रीत्या विसर्जित होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. वेदीपुढे झालेले ऐक्य कायद्याच्या कसोटीवर वेगळे सिद्ध करावे लागते, हे त्यावरून स्पष्ट झाले. असे असले, तरी बिशपपद मानणाऱ्या व न मानणाऱ्या परंपरा एका चर्चमध्ये नांदू शकतात, हे भारतातील या प्रयोगाने दाखवून दिले. जागतिक ख्रिस्ती ऐक्याच्या चळवळीत त्याचे महत्त्व यामुळेच आहे.