बदलीच्या गावची मुले

मल्लेश्वरमला बदलून आलेल्या मराठी माणसास काडू मल्लेश्वराचे देऊळ कोणीतरी पहिल्याच महिन्यात दाखवितो. कानडीत 'काडू' म्हणजे रान. आज भोवती रान उरलेले नाही. टेंपल स्ट्रीटवरून फुलांच्या टोपल्या आणि वाहनांची गर्दी ओलांडून देवळात शिरावे लागते. ह्या देवस्थानास व्यंकोजीने, म्हणजे शिवछत्रपतींच्या सावत्र भावाने, मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याचा उल्लेख 1669 च्या शिलालेखात आहे. हे ऐकून आपल्यापैकी बहुतेकांची छाती किंचित फुगते, आणि 'म्हणजे हे गाव आपलेच!' असे उद्गार निघतात.

मला मात्र त्या शिलालेखाच्या आठवणीने दरवेळी निराळाच विचार सुचतो. व्यंकोजी येथे आला कसा? तो स्वतः होऊन आला नव्हता. त्याचे वडील येथे चाकरीवर होते, म्हणून तो येथे वाढला. आपल्या कचेरीच्या भाषेत सांगायचे तर तो एका बदलीवर आलेल्या अधिकाऱ्याचा अवलंबित मुलगा होता. चाकरी वडिलांची आणि मुलूख परका, अशा स्थितीत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने शिकावे कोठे आणि कामास लागावे कोठे, हा प्रश्न आपल्या घराघरांत आहे. तो साडेतीनशे वर्षांपूर्वी ह्याच गावात शहाजीराजांसमोरही होता. त्या काळापासून आजपर्यंत ह्या प्रश्नाची कोणकोणती उत्तरे निघाली, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

1636 च्या माहुलीच्या तहानंतर शहाजीराजे विजापूरकरांच्या चाकरीत आले. रणदुल्लाखानाच्या कर्नाटक मोहिमेत 1638 मध्ये बंगळूर केंपेगौडाकडून घेतले गेले, आणि त्याचा कारभार शहाजीराजांकडे आला. हा मान मोठा होता. परंतु धनी आदिलशहा होता, आणि त्याच्या मर्जीप्रमाणे तो फिरू शकत होता. पुढे 1648 मध्ये जिंजीजवळ त्याच धन्याच्या हुकुमाने राजांना कैद झाली, ह्यावरून त्या थाटामाटाच्या चाकरीचा पाया किती अस्थिर होता ते कळते.

अशा पुरुषाने मुलांची सोय कशी लावली? थोरल्या संभाजीस त्यांनी आपल्यापाशी ठेवले. तो वडिलांच्या मोहिमांतच तयार झाला आणि पुढे कनकगिरीच्या लढाईत पडला. धाकट्या शिवाजीस काही काळ बंगळुरास ठेवून, वयाच्या सुमारे बाराव्या वर्षी, मातोश्रींसह पुण्याच्या जहागिरीवर पाठविले. सोबत पेशवे, मुजुमदार, डबीर, सबनीस असा सारा कारभारी संच दिल्याचे बखरकार सांगतात. व्यंकोजी वडिलांपाशी कर्नाटकात राहिला. 1664 मध्ये होदिगेरेजवळ शिकारीत घोडा पडून राजे वारले तेव्हा येथील जहागीर त्याच्याकडे आली, आणि पुढच्या दशकात त्याने तंजावर घेतले.

म्हणजे तीन मुलगे आणि दोन मार्ग. वडिलांच्या चाकरीतच शिकणे हा पहिला, आणि घरच्या वतनावर परत जाणे हा दुसरा. 'वतन' ह्या शब्दाचा मूळ अरबी अर्थ जन्मभूमी असा आहे. मराठीत आल्यावर त्याचा अर्थ वंशपरंपरेचा हक्क असा झाला. हा बदल मोठा बोलका आहे. चाकरी हुकुमावर चालते आणि हुकुमाने जाते, वतन मात्र मुलास पोहोचते, असा भेद आपल्या पूर्वजांनी मनात पक्का केला होता. म्हणून चाकरी कोठेही असो, एखाद्या तरी मुलाचे नाव गावच्या वतनाशी बांधून ठेवावे, अशी त्यांची धडपड असे.

परंतु ज्यांना पुण्याची जहागीर नव्हती त्यांचे काय? नारो त्रिमल हणमंते हे शहाजीराजांचे कर्नाटकातील कारभारी. त्यांचे मुलगे रघुनाथपंत आणि जनार्दनपंत ह्यांना वडिलांच्या दप्तराव्यतिरिक्त दुसरी पाठशाळा क्वचितच असेल. दप्तरात फारसी शब्दांचा सुकाळ, बाजारात कानडी, घरात मराठी, आणि राजांच्या सभेत संस्कृत. जयराम पिंड्ये ह्याच्या 'राधामाधवविलासचंपू'वरून दिसते की त्या सभेत अनेक भाषांचे कवी हजेरी लावीत. अशा वातावरणातून आलेला रघुनाथपंत प्रथम व्यंकोजीच्या पदरी राहिला, नंतर दक्षिणदिग्विजयाच्या वेळी शिवछत्रपतींस मिळाला. फारसी राज्यव्यवहाराला संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राज्यव्यवहारकोश' ह्याच रघुनाथपंडित अमात्याच्या नावावर आहे. राज्यभाषेचा कोश रचण्याची दृष्टी परमुलखात वाढलेल्या मुलास यावी, ह्याचे मला नवल वाटत नाही. एकच वस्तू चार नावांनी हाक मारताना ज्याने लहानपणापासून ऐकली, त्यालाच नावाचे महत्त्व कळते.

पेशवाईत आणि त्यानंतर कंपनी सरकारच्या अमलात हा दप्तरातील मार्ग 'उमेदवारी' ह्या नावाने रूढ झाला. उमेदवार म्हणजे उमेद बाळगणारा. बाप किंवा चुलता कारकून असे; मुलगा त्याच्या शेजारी बसून मोडी गिरवी, नकला करी, आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाही. पगार नसे. वडील वारले तर मात्र वाट एकदम सरळ होई. जनार्दनपंत वारल्यावर 1756 मध्ये नाना फडणीसांकडे फडणिशी आली तेव्हा त्यांचे वय अवघे 14 होते. ह्या पद्धतीत शिक्षण आणि काम ह्यांत भिंत नव्हती, हा तिचा गुण. परंतु ज्याचा कोणी दप्तरात नाही त्यास दार बंद, आणि ज्याचा आहे त्यास दुसरे दार नाही, हा दोष त्याहून मोठा. कारकुनाचा मुलगा कारकूनच होई. मुलींचा तर ह्या सर्व व्यवस्थेत विचारच नव्हता.

हे चक्र परीक्षेने मोडले. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये निघाले आणि 1859 मध्ये पहिली मॅट्रिक झाली. त्यापूर्वीच दक्षिणेत ह्या नव्या वाटेने जाणारा एक मराठी मुलगा दिसतो. त्याचे नाव टी. माधवराव. व्यंकोजीमागे तंजावरास गेलेल्या मराठी समाजातील हे घराणे. वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव हे दोघेही त्रावणकोरात दिवाणगिरी केलेले. जुनी रीत चालती तर मुलास त्याच कचेरीत बसविले गेले असते. त्याऐवजी तो मद्रासेस पॉवेलसाहेबांच्या हाताखाली गणित आणि इंग्रजी शिकला, 1846 मध्ये तेथून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडला, आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे अशा तीन संस्थानांचा दिवाण झाला. वडिलांच्या संस्थानाबाहेरही चालेल असे नाणे त्याच्या हाती होते. ते नाणे म्हणजे शिक्षण.

पण नाणे चालण्यासही मुलूख मोकळा हवा. येथून आपल्या कथेतील नवा अडसर सुरू होतो. जसजसे शिकलेले तरुण वाढले तसतसा प्रत्येक संस्थानात 'भूमिपुत्र कोण?' हा प्रश्न उभा राहिला. म्हैसुरात मद्रासकडील अधिकाऱ्यांविरुद्ध 'म्हैसूर म्हैसूरकरांसाठी' अशी मागणी झाली. हैदराबादेत मुल्की नियम आले. त्यांतील एक अट वाचण्यासारखी आहे. बाहेरून आलेल्यास मुल्की व्हावयाचे तर 15 वर्षांचे कायम वास्तव्य हवे, आणि शिवाय मूळ गावी परतण्याचा विचार आपण सोडला असे प्रतिज्ञापत्रही हवे! मराठवाडा तेव्हा निजामाकडे असल्याने औरंगाबादचा मराठी मुलगा मुल्की आणि पुण्याचा गैरमुल्की ठरे. भाषा एक असूनही दार वेगळे. पंधरा वर्षांचा हा आकडा इतिहासजमा झाला असे समजू नये. खासगी उद्योगांतील नोकऱ्यांत स्थानिकांस राखीव जागा देण्याचा जो मसुदा कर्नाटक मंत्रिमंडळाने जुलै 2024 मध्ये मंजूर करून लगोलग स्थगित ठेवला, त्यातही 15 वर्षांच्या अधिवासाची अट होती.

ह्या मागण्यांची टिंगल करण्याचा हक्क आपणांस नाही. आपल्या महाराष्ट्रातही भूमिपुत्रांची चळवळ झाली, आणि स्वतःच्या गावात आपल्या मुलास जागा मिळावी असे वाटणे स्वाभाविकच आहे. दुःख एवढेच, की बदलीच्या मुलास असे गावच नसते.

राज्यघटना झाल्यावर हा प्रश्न सुटला असे पुष्कळांस वाटते. तो अर्धाच सुटला. अनुच्छेद 16 सरकारी नोकरीसंबंधी आहे. त्यात जन्मस्थानाबरोबर 'निवास' हाही शब्द घातला आहे; म्हणून केवळ निवासावरून नोकरी नाकारता येत नाही, आणि अपवाद करण्याचा अधिकार फक्त संसदेस आहे. 1957 च्या कायद्याने संसदेने निवासाच्या जुन्या अटी, मोजके प्रदेश वगळून, रद्द केल्या. परंतु भेदभावाला सर्वसाधारण बंदी करणाऱ्या अनुच्छेद 15 मध्ये 'जन्मस्थान' आहे, 'निवास' नाही. ह्या एका शब्दाच्या अभावाचे वजन 1955 मध्ये कळले. इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात मध्यभारतातील रहिवाशांस माफ असलेले जादा शुल्क दिल्लीच्या जोशी नामक विद्यार्थ्यास भरावे लागे. त्याने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. बहुमताने निकाल त्याच्याविरुद्ध गेला. निवास म्हणजे जन्मस्थान नव्हे, सबब भेद करता येतो, असे ठरले.

परिणाम मोठा विचित्र झाला. बदलीच्या मुलास सरकारी नोकरीचे दार बहुतांशी मोकळे, परंतु त्या नोकरीस लायक करणाऱ्या महाविद्यालयाचे दार अर्धे लावलेले! 1984 च्या प्रदीप जैन खटल्यात न्यायालयाने सरसकट निवासी राखीव जागांवर आक्षेप घेतला, आणि 1986 पासून वैद्यकीय पदवीच्या 15 टक्के जागा अखिल भारतीय झाल्या. उरलेल्या जागांवर राज्यांचे नियम चालतात. कर्नाटकात सर्वसाधारण विद्यार्थ्यास राज्यात किमान सात वर्षे शिकल्याचा दाखला लागतो. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशास तेथील अधिवास, दहावी आणि बारावी पाहतात. नोकरदारांच्या मुलांसाठी अपवादाची कलमे असतात, हे खरे. पण अपवाद सिद्ध करण्यास कागद लागतात, आणि कागद नेमका मागच्या गावी राहिलेला असतो.

शाळेच्या पातळीवर मात्र स्वतंत्र भारताने एक चांगले काम केले. दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशीनंतर 1962 मध्ये केंद्रीय शाळांची योजना मंजूर झाली, आणि 1963 मध्ये पलटणींच्या 20 शाळा तिच्यात घेऊन आरंभ झाला. त्याच 1962 मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाची पुनर्रचना झाली, आणि वारंवार बदली होणाऱ्या केंद्रीय नोकरांची मुले हा त्याचा एक मुख्य हेतू होता. गाव बदलले तरी पुस्तक बदलू नये, ही कल्पना साधी; पण शहाजीराजांपासून माधवरावांपर्यंत कोणासही ती उपलब्ध नव्हती. मल्लेश्वरमच्या केंद्रीय विद्यालयात सकाळी जी मुले शिरतात, त्यांतील कित्येकांचे हे तिसरे किंवा चौथे गाव असेल.

ह्या सोयीची किंमत मी जाणतो, कारण मी तिच्यावाचून वाढलो. वडिलांची बदली मी नववीत असताना ऐन दिवाळीनंतर झाली. नव्या गावच्या शाळेने दाखल्यावरील एका शेऱ्यावरून वर्ष मोजण्यास नकार दिला, आणि मी तीच यत्ता पुन्हा बसलो. वडील घरी काही बोलले नाहीत. फक्त पुढील बदलीच्या वेळी ते एकटेच गेले. चार वर्षे आमचे घर दोन गावी चालले. पुण्यास पाठविलेला शिवाजी आणि बंगळुरास राहिलेले शहाजीराजे ह्यांच्याविषयी वाचताना मला मोठमोठे राजकारण आधी आठवत नाही, तर हे दोन गावी चालणारे घर आठवते.

आता येथील कित्येक शेजाऱ्यांचे मुलगे-सुना अमेरिकेत आहेत. 1990 च्या कायद्यातून निघालेल्या एच-1बी परवान्यावर गेलेल्या अभियंत्याच्या मुलास एच-4 परवाना मिळतो. त्यावर त्यास शिकता येते, सुट्टीत दुकानात काम करून चार डॉलर मात्र मिळविता येत नाहीत. वयाची 21 वर्षे पूर्ण झाली की वडिलांच्या परवान्याचे छत्र संपते, आणि ज्या देशात त्याची अक्षरओळख झाली तेथे त्यास स्वतःचा नवा परवाना शोधावा लागतो. मुल्की नियमांत निदान पंधरा वर्षांनी तरी माणूस आतला होत असे.

सारांश, चार शतकांतील ह्या उत्तरांत एक गोष्ट समान दिसते. राज्यकर्ते वडिलांच्या चाकरीची मुदत मोजतात. मुलाची वर्षे कोणी मोजत नाही. हुकूम तीन वर्षांचा असतो, परंतु तेरा ते सोळा ही वर्षे पुन्हा येत नाहीत. सात वर्षांची अट राज्यांस ठेवावयाची असेल तर ठेवोत. पण हुकुमाने दुसऱ्या राज्यात काढलेली वर्षे त्यांत मिळवून घ्यावीत, एवढी मागणी आपल्या संघटनांनी धरली तर ती अवास्तव होणार नाही.

तोपर्यंत आपल्या हाती जे आहे ते करावे. माझी मुलगी यंदा आठवीत आहे. तिला शेजारच्या अज्जींकडून कानडी लिहावयास शिकण्याचा नाद लागला आहे. आरंभी मी म्हणालो, 'दोन वर्षांनी येथून जायचे, कशाला?' आता तसे म्हणत नाही. मागच्या सोमवारी आम्ही काडू मल्लेश्वराला गेलो असता तिने देवळातील कानडी पाट्या मला अडखळत वाचून दाखविल्या. हणमंत्यांच्या रघुनाथाचा आरंभही असाच कोठल्यातरी पाटीपासून झाला असेल. नंतर तिने विचारले, 'बाबा, मी कुठली?' मी म्हणालो, 'दाखल्यावर काय आहे ते पाहू.' घरी येऊन मी दाखल्यांची फाइल काढली आणि सर्व कागद वर्षांच्या क्रमाने लावून ठेवले.