सिंधुदुर्ग की ‘फोर्ट ऑगस्टस’? संघर्षाचा वारसा कोणाच्या शब्दांत सांगायचा? (थ्रेड)

१/ मालवणसमोरील कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी छत्रपती शिवरायांनी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. शंभर वर्षांनी याच दुर्गाला एक परके नाव मिळाले : फोर्ट ऑगस्टस. ते नाव लवकरच विरले. त्यामागची दृष्टी मात्र दीर्घकाळ टिकली.

२/ फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्रे यांचे आरमार जाळले. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हेही विसरता येत नाही. १७६५ मध्ये मेजर गॉर्डन व कॅप्टन वॉटसन यांनी करवीरकरांकडून सिंधुदुर्ग घेतला व त्याचे नाव बदलले.

३/ परंतु किल्ल्यापासून उत्पन्न नव्हते आणि असा भक्कम तट पाडणेही सोपे नव्हते. म्हणून पुढच्याच वर्षी, पावणेचार लाखांहून अधिक रुपयांच्या बोलीवर तो करवीरकरांना परत देण्यात आला. १८१२ च्या तहाने मात्र मालवण इंग्रजांकडे गेले.

४/ इंग्रजी कागदपत्रांत मालवणचे दर्यावर्दी ‘चाचे’ ठरतात. जहाजे लुटली जात, हे खरे. पण समुद्रात परवाना मागणे आणि तो नसल्यास जहाज पकडणे, हेच पोर्तुगीज ‘कार्ताझ’ या नावाने करीत. त्यांना मात्र सहसा चाचे म्हटले जात नाही.

५/ येथे पुरातत्त्व उपयोगी पडते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सिंधुदुर्ग व विजयदुर्ग परिसरात सागरी शोधमोहिमा केल्या. तेथे दगडी नांगर सापडले. हे भोके पाडलेले दगड कोणाची बाजू घेत नाहीत. युद्धाच्या कथेआड झाकलेली नित्याची नौकावाहतूक ते दाखवतात.

६/ आणि समुद्राचा तळ दप्तरांत नोंदलेला नसतो. जाळे कोठे वारंवार अडकते, ओहोटीला कोणता खडक उघडा पडतो, त्याला पूर्वज काय म्हणत, हे मच्छीमारांनाच ठाऊक असते. म्हणून समाजाधारित पुरातत्त्वात स्थानिक माणूस हा केवळ वाटाड्या नसतो; कोणते प्रश्न विचारायचे, हे ठरवण्यातही त्याचा वाटा असतो. किनाऱ्यावरील मोरयाचा धोंडा, जेथे दुर्गारंभाचे पूजन झाले असे परंपरा सांगते, लोकांनी अशाच स्मृतीतून जपला आहे.

७/ जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्ग व विजयदुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. तट आता जपला जाईल. पाण्याखालच्या खुणांची नावे जाणणारी पिढी मात्र थकत चालली आहे. मालवणला जाल तेव्हा किल्ला पाहाच. पण परतण्यापूर्वी एखाद्या वृद्ध होडीवाल्या आजोबांजवळ बसा, त्यांच्या परवानगीने ती नावे लिहून घ्या आणि ती वही गावातच राहील असे पाहा.