अश्वत्थाम्याचे दूध आणि कॉफीतले क्रीमर

महाभारताच्या आदिपर्वात द्रोण भीष्मांना आपल्या दारिद्र्याची हकीकत सांगतात. श्रीमंतांची मुले दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा दुधासाठी रडू लागला. सवंगड्यांनी त्याला पाण्यात पीठ कालवून दिले आणि आपणही दूध प्यालो, या आनंदाने तो नाचला. मराठीत आपण लहानपणी ऐकतो ती कथा थोडी निराळी असते. तीत हे पिठाचे पाणी त्याची आई कृपीच त्याला देते. पेय तेच, पण मूळ कथेत त्यामागे उपहास आहे आणि आपण ऐकलेल्या कथेत वात्सल्य. देणारा बदलला की नकलेचा अर्थ बदलतो.

या कथेची आठवण होण्याचे निमित्त अगदी किरकोळ आहे. घरच्या रोजच्या कॉफीत आम्ही अमेरिकी पद्धतीची स्वादयुक्त क्रीमर्स घालून पाहिली: फ्रेंच व्हॅनिला, हेझलनट, आयरिश क्रीम. चव वाईट नव्हती. कॉफीचा कडवटपणा बोथट होतो, गोडी आधी येते आणि स्वाद जिभेपेक्षा नाकालाच अधिक जाणवतो. परंतु बाटलीवरील घटकांची यादी वाचली आणि आम्ही थबकलो. पाणी, साखर, वनस्पती तेल. क्रीम कोठेच नाही. अश्वत्थाम्याचाच पेला आमच्या हाती होता. प्रश्न एवढाच, की तो कोणाच्या हातचा?

प्रथम शब्दाकडे पाहू. अमेरिकी इंग्रजीत 'क्रीमर' म्हणजे जेवणाच्या टेबलावर क्रीम ठेवण्याचे चोचीचे लहान भांडे. पुढे भांड्याचे हे नाव आतील पदार्थास मिळाले. आपल्या साहित्यशास्त्रात लक्षणेचे जे प्रसिद्ध उदाहरण शिकवले जाते, त्यात मंच ओरडतात, म्हणजे मंचावरील माणसे ओरडतात. येथेही आधाराचे नाव आधेयास लाभले आहे. फरक असा, की कवीला लक्षणा आवडते म्हणून तो ती योजतो. कारखानदाराला मात्र तिच्या आडोशाला जावे लागले, कारण 'क्रीम' या शब्दावर कायद्याचा पहारा होता.

हा पहारा जुना आहे. अमेरिकेत लोण्याची जागा घेऊ पाहणाऱ्या मार्गारिनवर 1886 मध्ये संघराज्याने कर बसवला. 1923 च्या कायद्याने, दुधातील स्निग्धांश काढून त्याजागी दुसरे तेल घातलेले दूध एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवण्यास बंदी आली. या कायद्याविरुद्ध कॅरोलीन प्रॉडक्ट्स या कंपनीने दिलेला लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1938 मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला. त्या निकालपत्रातील चौथी तळटीप अल्पसंख्याकांच्या हक्कांसंबंधीच्या अमेरिकी न्यायविचाराचा आधार बनली. खोबरेल तेल मिसळलेल्या दुधाच्या खटल्यातून घटनाशास्त्रातील एवढे मोठे सूत्र निघावे, हा इतिहासाचा विनोदच म्हणावा लागेल.

तरीही पर्याय शोधणे थांबले नाही, कारण गरज खरी होती. क्रीम नासते, त्याला शीतकपाट लागते आणि कचेरीत वा प्रवासात ते हाताशी नसते. 1950 च्या दशकाच्या आरंभी खऱ्या क्रीमची भुकटी बाजारात आली, पण दुधातील प्रथिनांमुळे ती गरम कॉफीत नीट विरघळेना. दुसरीकडे बफेलो शहरातील रॉबर्ट रिच यांनी 1945 मध्ये सोयाबीनपासून फेटण्याजोगे 'क्रीम' बनवले होते; त्यांच्या कंपनीने पुढे कॉफीसाठी दुग्धविरहित द्रव आणला. दूधधंद्याशी त्यांचे खटले अनेक राज्यांत चालले. आमचा पदार्थ क्रीमची नक्कल नसून स्वतंत्र वस्तू आहे, हे त्यांचे म्हणणे होते. 1961 मध्ये कार्नेशन कंपनीने 'कॉफी-मेट' ही भुकटी विकण्यास सुरुवात केली. संतुष्ट गाईंच्या दुधाची जाहिरात करून नावारूपास आलेल्या कंपनीनेच गाईवाचून क्रीमर बनवावे, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. आणि नावात क्रीम नाहीच. आहे तो कॉफीचा सोबती.

या भुकटीची युक्ती साधी आहे. तेलाच्या सूक्ष्म थेंबांभोवती दुधातील केसीन या प्रथिनापासून काढलेल्या सोडियम केसिनेटचे वेष्टन असते. हे थेंब प्रकाश विखुरतात, म्हणून कॉफी पांढुरकी दिसते. कॉफीच्या आम्लतेने प्रथिन फाटू नये म्हणून त्यात फॉस्फेटचा क्षार घालतात. म्हणजे 'दुग्धविरहित' म्हणवणाऱ्या वस्तूतही दुधाचा अंश राहतोच. अमेरिकेतील नियमानुसार हा घटक दुधापासून काढलेला असल्याचे वेष्टनावर सांगावे लागते.

स्वादांचे युग नंतरचे. 1960 च्या दशकापासून अमेरिकेत कॉफी पिणाऱ्यांचे प्रमाण घटत गेले. तरुण पिढी गोड, थंड पेयांकडे वळली. 1987 मध्ये 'इंटरनॅशनल डिलाइट'ने स्वादयुक्त द्रव क्रीमर आणले. 'आयरिश क्रीम' हे मुळात व्हिस्की आणि खरे क्रीम यांचे मद्य, 1974 मध्ये 'बेलीज'ने बाजारात आणलेले. क्रीमरमध्ये मद्य नाही आणि क्रीमही नाही. म्हणून इंग्रजी 'क्रीम'चे स्पेलिंगही फ्रेंच वळणाने बदलले. उच्चार कानाला ओळखीचा, लेखन कायद्याला मान्य.

'फ्रेंच व्हॅनिला'ची कथा अधिक खोल आहे. व्हॅनिला मूळची मेक्सिकोची. 'फ्रेंच' हे विशेषण अंड्याचा बलक घालून आइसक्रीम करण्याच्या पद्धतीवरून आले. मेक्सिकोबाहेर या वेलीला शेंगा धरत नसत. 1841 मध्ये हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने हाताने परागीकरण करण्याची सोपी रीत शोधली आणि तिच्यावर पुढे जगभरची लागवड उभी राहिली. 1874 मध्ये जर्मनीत टीमान आणि हारमान यांनी पाइनच्या लाकडातील द्रव्यापासून व्हॅनिलिन तयार केले. बाटलीवरील नावात फ्रान्स आहे. मेक्सिको नाही, रियुनियन नाही, तो मुलगाही नाही. नाव जितके दाखवते, तितकेच झाकते.

मग स्वाद घालणे हीच लबाडी आहे काय? तसे म्हणण्याचा अधिकार आपल्याला तरी नाही. आपल्याकडच्या अनेक घरांत कॉफीत जायफळ आणि वेलची घालण्याची जुनी चाल आहे. पाहुण्यांसाठी होणारी कॉफी तर जायफळावाचून पुरी होत नाही. 'पम्पकिन स्पाइस' या अमेरिकी स्वादात भोपळ्यापेक्षा दालचिनी, सुंठ, लवंग आणि जायफळच प्रमुख. ते पहिल्यांदा चाखणाऱ्या मराठी माणसाला परक्या बाटलीत घरचा वास यावा, यात नवल नाही. स्वाद ही कॉफीची भ्रष्टता नव्हे. पण जायफळ घालणाऱ्या आजीने काय घातले, ते किसणीवर दिसत होते.

आमच्या मते या इतिहासातला खरा प्रश्न येथेच आहे. दीर्घकाळ क्रीमरमध्ये अंशतः हायड्रोजनीकृत तेल वापरले जाई, ज्यातून हृदयाला अपायकारक ट्रान्स फॅट पोटात जाते. 2006 पासून अमेरिकेत त्याचे प्रमाण वेष्टनावर छापणे सक्तीचे झाले, परंतु एका मात्रेत अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असल्यास 'शून्य' लिहिण्याची मुभा होती. मात्रा चमचाभर ठेवली की शून्य साधत असे. पिणारा मात्र एका चमच्यावर थांबत नाही. 2015 मध्ये अमेरिकी औषध व अन्न प्रशासनाने ही तेले सुरक्षित मानता येत नसल्याचा निर्णय दिला आणि 2018 पासून त्यांचा वापर बंद होत गेला. 'क्रीम' या शब्दाची राखण कायद्याने शतकभर डोळ्यांत तेल घालून केली. 'शून्य' या शब्दाची राखण त्याला तितकीशी जमली नाही. भारतातही 2021 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वनस्पतिजन्य पेयांवरून 'दूध' हा शब्द काढण्याचे निर्देश दिले. शब्दांची ही राखण आवश्यक आहे. पण ती पिणाऱ्यासाठी आहे की विकणाऱ्यासाठी, हे प्रत्येक वेळी विचारले पाहिजे.

द्रोणांना दुःख झाले ते मुलगा पिठाचे पाणी प्याला म्हणून नव्हे, तर ते पाणी आहे हे त्याला ठाऊक नव्हते आणि भोवतालच्यांना ठाऊक होते, म्हणून. आमच्या घरी उरलेले क्रीमर आम्ही संपवले; हेझलनट तर आवडलेही. एक गोष्ट तेवढी लक्षात आली. दुधाची कॉफी निवली की तिच्यावर पातळ साय धरते. ही कॉफी पार निवेपर्यंत तशीच ठेवून पाहिली. तिच्यावर काही धरले नाही.