कंटेनरचा मुक्काम आणि डेटाची अमानत

दोन वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका शैक्षणिक ट्रस्टने शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन घेतले. मुलांनी मार्कशीट, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड यांचे फोटो मोबाइलवरून चढवले. अ‍ॅप एका हौशी तरुणाने फुकटात बनवून दिले होते आणि ते क्लाउडवर कंटेनरमध्ये चालत होते. एका रात्री त्याने किरकोळ दुरुस्ती करून नवी आवृत्ती चढवली. सकाळी अ‍ॅप सुरू होते, अर्जदारांची नावेही डेटाबेसमध्ये जागेवर होती. फोटो मात्र सगळे गायब. कुणी हॅक केले नव्हते, काही बिघडलेही नव्हते. कंटेनर आपल्या स्वभावाप्रमाणे वागला होता.

हा स्वभाव फार जुना नाही. एकाच यंत्रावर प्रोग्रामला स्वतंत्र खोली देण्याची कल्पना १९७९च्या युनिक्समधल्या ‘सीएच-रूट’पासूनची. २००० साली फ्रीबीएसडीने ‘जेल’ आणले. २००८मध्ये गूगलच्या इंजिनिअरांनी सुरू केलेले ‘सी-ग्रुप्स’ लिनक्सच्या गाभ्यात आले आणि कोणत्या प्रोग्रामने किती मेमरी, किती प्रोसेसर वापरायचा याला कुंपण पडले. पण सीएच-रूट काय किंवा जेल काय, खोलीतल्या फाइली त्याच यंत्राच्या डिस्कवर साध्या फोल्डरमध्ये असत. प्रोग्राम बंद पडला तरी फाइल राही.

विसरभोळेपणा आला तो डॉकरबरोबर. मार्च २०१३मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी अमेरिकेत सांता क्लारा येथील पायथॉन परिषदेत पाचेक मिनिटांत डॉकर दाखवले. त्यात अ‍ॅपची प्रतिमा थरांनी बनते. खालचे थर फक्त वाचायचे, आणि चालू कंटेनरला वर एक पातळ, लिहिता येणारा थर मिळतो. अ‍ॅपने लिहिलेली फाइल त्या थरात जाते आणि कंटेनर काढून टाकला की थरही जातो. नवी आवृत्ती चढवणे म्हणजे जुना कंटेनर दुरुस्त करणे नव्हे. तो फेकून नवा उभा करणे. त्यामागे विचारही होता. हेरोकूच्या मंडळींनी २०११च्या सुमारास लिहिलेल्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर अ‍ॅप’मध्ये बजावलेच होते, की प्रोग्रामने जवळ काही साठवू नये, टिकवायचे ते बाहेरच्या सेवेकडे द्यावे.

थोडक्यात, कंटेनर हा सराईतला मुसाफिर. तो गेला की खोली झाडून दुसऱ्याला देतात, आणि तसे असते म्हणूनच सराई चालते. पण ठेव? सीरतच्या पुस्तकांत येते, की इ.स. ६२२मध्ये हिजरतीला निघताना प्रेषितांनी (स.) लोकांच्या अमानती परत करण्यासाठी हजरत अलींना मक्केत मागे ठेवले. निघणारा वेगळा, ठेव सांभाळणारा वेगळा. कंटेनरवाल्यांना हे उमजायला काही वर्षे गेली. सुरुवातीला लोक नुसता डेटा धरून ठेवायला एक रिकामा कंटेनर बनवत. मुसाफिराच्या सामानासाठी दुसरा मुसाफिर! नोव्हेंबर २०१५च्या डॉकर १.९मध्ये नाव देता येणारे स्वतंत्र व्हॉल्यूम आले, तेव्हा ही कसरत थांबली.

तोवर पुढची अडचण उभी होती. जुलै २०१५मध्ये कुबरनेटिसची १.० आवृत्ती आली. ते कंटेनर या यंत्रावरून त्या यंत्रावर हलवते, मग पहिल्या यंत्राची डिस्क मागेच राहते. शिवाय डेटाबेसचा कंटेनर म्हणजे कळपातले बिननावाचे जनावर नव्हे. २०१६च्या १.३ आवृत्तीत त्यासाठी आलेल्या सोयीचे नाव खरोखरच ‘पेटसेट’ होते. त्याच वर्षी १.५मध्ये ते ‘स्टेटफुलसेट’ झाले. बकरी ईदचा बोकड महिनाभर ज्यांच्या अंगणात वाढला, त्यांच्या मुलांना नाव ठेवलेल्या जनावराचा फरक समजावून सांगावा लागत नाही.

मग ठेवायचे कुठे? क्लाउडमधले तिन्ही मुख्य पर्याय कंटेनरसाठी जन्मलेलेच नाहीत. अ‍ॅमेझॉनची एस-थ्री सेवा मार्च २००६ची. तिथे फाइल अख्खी ठेवायची, अख्खी बदलायची, मधली एक ओळ खोडता येत नाही. डेटाबेस त्यावर तसाच बसवता येणार नाही, पण फोटो आणि दाखल्यांना याहून स्वस्त आणि भक्कम जागा सहसा मिळत नाही. ईबीएस ऑगस्ट २००८ची. ही क्लाउडमधली हार्डडिस्क, डेटाबेसला योग्य, पण ती सहसा एका वेळी एकाच यंत्राला जोडली जाते आणि एकाच झोनमध्ये राहते. मुंबईत अ‍ॅमेझॉनचे केंद्र २०१६मध्ये सुरू झाले. त्याच्या एका झोनमधली डिस्क दुसऱ्या झोनमध्ये गेलेल्या कंटेनरला मिळत नाही, तो नुसता वाट पाहत बसतो. तिसरा पर्याय सामायिक फाइलींचा, ज्याचे मूळ सन कंपनीच्या १९८४च्या एनएफएसमध्ये. दहा कंटेनरांना एकच फोल्डर हवे असेल तर हाच सोपा, मात्र डेटाबेससाठी तो बहुधा संथ पडतो.

हे सगळे कुबरनेटिसला जोडणारा कोड आधी त्याच्याच पोटात होता. डिसेंबर २०१८च्या १.१३ आवृत्तीत ‘सीएसआय’ ही सामाईक जोडणी पक्की झाली आणि प्रत्येक साठवण कंपनी आपला ड्रायव्हर स्वतंत्र लिहू लागली. एक खाच मात्र आजही आहे. मागणीनुसार आपोआप तयार झालेल्या डिस्कचे मागणीपत्र पुसले, की वेगळे सांगितले नसल्यास डिस्कही पुसली जाते. ‘रिटेन’ हा शब्द आपण लिहावा लागतो. माझ्या मते हे उलट असायला हवे होते. रिकाम्या डिस्कचे भाडे परवडते.

ट्रस्टचे फोटो आता ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये जातात, आणि पुसलेल्या फाइलीची जुनी प्रत राहील अशी सोयही चालू केली आहे. त्या तरुणाने त्यासाठी बदललेल्या ओळी वीसही नसतील. मुलांना मात्र पुन्हा कागदपत्रे पाठवायला सांगावी लागली. बहुतेकांनी पाठवली. काहींचे मोबाइल नंबर तोवर बदलले होते.