तोंडाच्या कर्करोगाचा माग

रोगाचे कारण आधी प्रयोगशाळेत सापडते आणि मग ते लोकांना सांगितले जाते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. तोंडाच्या कर्करोगाच्या बाबतीत हा क्रम बराचसा उलटा होता.

१९४१ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख होते विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर. आपल्याकडे तोंडाचा व घशाचा कर्करोग इतका का आढळतो, याचे उत्तर त्यांनी लोकांच्या रोजच्या सवयींत शोधले. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात खैनीचा विचार आहे. चुना लावून मळलेली तंबाखू खालचा ओठ आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत ठेवतात. कर्करोगही त्याच जागी उद्भवत होता. पुढे १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांनी रुग्णांच्या सवयींची इतरांच्या सवयींशी तुलना केली. तंबाखू चघळण्याचा संबंध मुखपोकळीच्या, तर धूम्रपानाचा संबंध जिभेचे मूळ व घसा यांच्या कर्करोगाशी दिसला.

पण संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले, असे नव्हे. जपानमध्ये १९१५ साली यामागिवा व इचिकावा यांनी सशाच्या कानाला पुन्हापुन्हा डांबर लावून कर्करोग निर्माण केला होता. १९५४ मध्ये हॅम्स्टरच्या गालातील पिशवीला एक तीव्र रसायन लावून तसाच प्रयोग यशस्वी झाला. नुसती तंबाखू लावल्यावर मात्र गाठी सहजासहजी होईनात. मग तंबाखू निर्दोष म्हणायची का? गाठ रसायनशास्त्राने सोडवली. १९७४ मध्ये न जाळलेल्या तंबाखूत नायट्रोसामाइन गटातील एक कर्कजनक द्रव्य सापडले. पाने वाळवताना व मुरवताना निकोटिन आणि त्याच्या जातीच्या द्रव्यांपासून अशी संयुगे बनतात. १९८६ मध्ये अशी दोन संयुगे उंदरांच्या तोंडाला दीर्घकाळ लावली, तेव्हा तोंडातच गाठी झाल्या.

आता प्रश्न प्रतिबंधाचा. त्याच १९८६ साली दोन वेगळ्या वाटांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अमेरिकेत 'अ' जीवनसत्त्वाच्या जातीचे एक औषध दिल्यावर तोंडातील पांढरे चट्टे कमी झाले. ते थांबवल्यावर अनेकांत परतले. १९९० मध्ये १०३ रुग्णांवरील चाचणीत त्याच औषधाच्या मोठ्या मात्रेने नव्या जागी होणारा दुसरा कर्करोग पुष्कळ टळला, पण दुष्परिणाम त्रासदायक होते. म्हणून कमी मात्रा हजाराहून अधिक रुग्णांना देऊन पाहिली. २००६ मध्ये निकाल आला तो निराशेचाच.

दुसरी वाट भारतातली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी एर्नाकुलम, भावनगर व श्रीकाकुलम जिल्ह्यांतील ३६,००० हून अधिक तंबाखू सेवन करणाऱ्यांना घरोघरी जाऊन तपासले आणि सवय सोडण्यास समजावले. पाच वर्षांनी, पूर्वीच्या तुलनागटापेक्षा अधिक लोकांनी सवय सोडली होती आणि नवे पांढरे चट्टेही कमी झाले होते. गोळीला जे साधले नाही, ते समजावण्याने काही अंशी साधले.

या इतिहासातील एक धडा शिक्षकांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूचा विडा कर्कजनक ठरवला. तंबाखूविना विड्याविषयी पुरावा अपुरा असल्याचे नोंदवले. अनेकांनी याचा अर्थ सुपारी निर्धोक, असा घेतला. तैवानमध्ये विड्यात तंबाखू घालत नाहीत, तरी तेथे हा रोग आढळतो. असे पुरावे जमल्यावर २००४ मध्ये सुपारीही कर्कजनक ठरली. पुरावा अपुरा असणे आणि धोका नसणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२००३ च्या कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला बंदी आहे. गोड सुपारीची पुडी त्या कायद्यात मोडत नाही. ती मुलाच्या खिशातून वर्गात येऊ शकते. प्रयोगशाळेत आम्ही पेशींमधले बदल मोजू शकतो, पण त्या पुडीपर्यंत आमचा हात पोचत नाही. तुमचा पोचतो.