सुरतेतील मराठी मास्तर

कोसाडच्या मराठी घरांत सुरत म्हटले की शिवरायांची स्वारी आठवते. मला, मुख्याध्यापक असल्यामुळे म्हणा, व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर आठवतात. ते सुरतेच्या शाळेत शिक्षक होते, हे कितीजणांना ठाऊक आहे? २२ जून १८४४ रोजी गुजराती शिक्षक दुर्गाराम मेहता यांच्यासह त्यांनी येथे मानवधर्म सभा काढली. जातिभेद खोटा, विधवांचा पुनर्विवाह योग्य, असे तेथे उघड बोलले जाई. मांत्रिकांना तर चमत्कार सिद्ध करण्याचे आव्हानच असे. दादोबा मुंबईस परतल्यावर सभा थंडावली. १८४९ च्या सुमारास मुंबईत त्यांच्याच पुढाकाराने परमहंस सभा निघाली, पण तिचे काम गुप्तपणे चाले. मला सुरतेची उघडी सभाच अधिक धीराची वाटते. सभासदांची नावे फुटताच परमहंस सभा मोडली. १८६७ च्या प्रार्थना समाजात दादोबांचे बंधू आत्माराम पुढे होते.