तीन अटी आणि एक कॅमेरा : सेवाग्रामचे कनू गांधी (थ्रेड)

छायाचित्रासाठी मुद्दाम बसणे महात्मा गांधींना मुळीच आवडत नसे. तरीही सेवाग्रामच्या कुटीत दूरध्वनी कानाला लावलेले गांधी, सूक्ष्मदर्शकातून कुष्ठरोगाचे जंतू न्याहाळणारे गांधी आज आपल्याला पाहायला मिळतात. ही चित्रे टिपणारा तरुण छायाचित्रणाचे कोणतेही शिक्षण न घेतलेला, निव्वळ हौशी होता. त्याने काढलेल्या आणि काढू न शकलेल्या चित्रांची ही हकिकत.

कनू गांधी यांचा जन्म १९१७ चा. गांधीजींचे पुतणे नारणदास यांचे ते चिरंजीव, म्हणजे नात्याने नातू. त्यांना वैद्यकीय शिक्षण घ्यायचे होते. आईवडिलांनी मात्र त्यांना वर्ध्याला बापूंकडे धाडले. गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेरीस वर्ध्याजवळच्या शेगावी राहायला गेले होते. त्या गावाचे नाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले. आश्रमात कनूंच्या वाट्याला आला पत्रव्यवहार, हिशेब आणि कारकुनी.

येथे एक घोटाळा दूर करायला हवा. समुद्रकिनारी गांधीजींच्या काठीचे टोक धरून पुढे धावणाऱ्या मुलाचे चित्र सर्वांनी पाहिले आहे. तो मुलगाही कनूच, पण रामदास गांधींचा पुत्र. ते चित्र १९३७ चे, जुहूचे. दांडीयात्रेचे म्हणून ते आजही बिनदिक्कत फिरवले जाते.

आपल्या कनूंना छायाचित्रणाची प्रेरणा दिली विनोबांचे बंधू शिवाजी भावे यांनी. कनूंनी बापूंकडे कॅमेरा मागितला, तेव्हा आश्रमाजवळ त्यासाठी पैसे नाहीत, असे उत्तर मिळाले. कनूंनी हट्ट सोडला नाही. अखेर गांधीजींनी घनश्यामदास बिर्लांना सांगितले आणि बिर्लांनी दिलेल्या १०० रुपयांतून रोलायफ्लेक्स कॅमेरा व फिल्मचा रोल आला.

परवानगीसोबत तीन अटीही आल्या. फ्लॅश वापरायचा नाही. गांधीजींना कधीही ‘असे बसा, इकडे पाहा’ म्हणायचे नाही. आणि या छंदाचा खर्च आश्रम उचलणार नाही. पुढे ‘वंदेमातरम्’ या वृत्तपत्राचे अमृतलाल गांधी यांनी महिना १०० रुपये देऊ केले, शिवाय वृत्तपत्रांना चित्रे विकून थोडेफार मिळत गेले.

या अटींकडे केवळ म्हाताऱ्याची लहर म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. त्यांनी चित्रांचे रूपच ठरवून टाकले. त्या काळच्या फिल्मला भरपूर प्रकाश लागे आणि मातीच्या कुटीत तो थोडाच असे. त्यामुळे कित्येक चित्रांत काळोख अधिक आहे, हालचाल पुसट झाली आहे, गांधीजी पाठमोरे चालले आहेत. शिवाय रोलायफ्लेक्स डोळ्याला लावायचा कॅमेरा नव्हे. तो पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत पाहायचे. त्या काचेत डावे उजवीकडे दिसते. एका रोलवर चित्रे फक्त १२. खिशात पैसे नसलेला माणूस अशा वेळी बोट दाबण्यापूर्वी थांबतो, वाट पाहतो.

या सबुरीचे फळ परचुरे शास्त्रींच्या चित्रात दिसते. हे संस्कृत पंडित येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या सहवासात आले होते. कुष्ठरोगाने ग्रासल्यावर ते सेवाग्रामला आले, आणि गांधीजी स्वतः त्यांचे अंग चोळून देऊ लागले. चित्रात गांधीजी वाकलेले आहेत आणि त्यांचे सारे लक्ष रुग्णाकडे आहे. कॅमेरा तेथे आहे याची दोघांनाही जणू जाणीवच नाही. कागदोपत्री ‘सेवा’ हा शब्द हजार वेळा येतो. तो कसा दिसत असे, हे या चित्राखेरीज कळणे अवघड होते.

तुलनेसाठी १९४६ चा प्रसंग पाहावा. अमेरिकेच्या ‘लाइफ’ नियतकालिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट यांना आधी सूत कातायला शिकावे लागले, पण फ्लॅशचे तीन बल्ब वापरण्याची मुभा मिळाली. चरख्याजवळचे त्यांचे चित्र जगप्रसिद्ध झाले. परक्या पाहुणीला जी सवलत मिळाली, ती घरच्या पोराला मिळाली नव्हती.

यानंतरचा प्रसंग पुण्याचा. १९४२ च्या ऑगस्टपासून गांधीजी आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होते. कस्तुरबांचा आजार बळावल्यावर शुश्रूषेसाठी कनूंना आत येऊ देण्यात आले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पतीच्या मांडीवर कस्तुरबांनी प्राण सोडला. त्या अखेरच्या घटकांचे चित्र घेण्यास गांधीजींनी कनूंना मनाई केली. इतिहासाच्या अभ्यासकाला ही हानी वाटेल, आणि ती आहेच. पण ज्याला चित्र काढायचे होते, तोच त्या दिवसांत बांची सेवा करत होता. नकार झेलणारा आणि शोक करणारा एकच होता. त्याने ते मानले.

त्याच वर्षी कनूंचा विवाह आभा चॅटर्जी यांच्याशी झाला. १९४६ च्या अखेरीस गांधीजी दंगलग्रस्त नोआखालीत गेले, तेव्हा कनूही तेथे होते. गांधीजी पुढे निघून गेले, कनू मात्र तेथील कामासाठी मागे राहिले.

कनूंच्या चित्रांचा संग्रह नजर फाउंडेशनने २०१५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यात ३० जानेवारी १९४८ च्या त्या संध्याकाळचे कनूंनी काढलेले चित्र असणे शक्यच नव्हते. बिर्ला भवनाच्या हिरवळीवर गांधीजींनी एक हात मनूच्या खांद्यावर ठेवला होता, दुसरा आभाच्या. आभाचे पती त्या वेळी नोआखालीत होते.